किल्लेदारीणबाई आणि अडकलेला ड्रॅगन

“अगं, त्याच्या हातांकडे बघू नकोस,” असं नवरा बाळाला अगदी पहिली आंघोळ घालत असतानाच नणंदेनं तिला सांगितलं होतं.

नणंद लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे तिचे सगळे दाखले रस्त्यावरचे. “शिकणाऱ्याच्या हातांकडे टक लावून बघितलं ना, की तो हमखास गाडी खांबावर घालतो. मी आपली समोर बघते. पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर असतो, पण ते त्याला कळू देत नाही. आणि आमच्या दात्याचं तर लहानपणापासून हेच. कोणी बघतंय म्हटलं की याचे हात याचे राहतच नाहीत.”

तिनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. समोर साबणानं माखलेलं, माशासारखं निसटणारं, आकाशपाताळ एक करून रडणारं बाळ, आणि म्हणे बघू नकोस. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई. वरून नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय काय वळवळत असतं, हे तिनं रोज भिंगाखाली पाहिलेलं. बाळंतपणाच्या रजेवर घरी बसल्यापासून ते सगळं भिंग घरातल्या माणसांवर आलं होतं. सासरचे तिला लाडानं दुर्बीण म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं. डोळ्यांत तेल घालून राहणारी आई कोणाला नको असते?

नवऱ्याला दात्या म्हणत, कारण तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, आणि हा आपल्या टेबलाशी वाकून त्यावर मेण लावायचा, दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. तांदळाच्या दाण्याएवढा दात चिमट्यात धरून तो केसभरही न हलवता जागेवर ठेवायचा, असं त्याच्या कारखान्यातले लोक सांगत. तोच माणूस घरी आपल्या पोराचं झबलं घालताना बाहीत बोट अडकवून बसायचा. मग ती म्हणायची, “मान धर. अरे, मान. थांब, दे इकडे.”

आणि तो देऊन टाकायचा.

बाळाला घरात सगळे बोकोबा म्हणत. बोकोबा रांगायला लागला त्या सुमारास तिच्या डोक्यात भुंगा शिरला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं फाटक दिसायचं. नवरा फाटकातून आत येताना दिसायचा, ती गॅसवर चहाचं आधण ठेवायची, आधणाला उकळी येऊन पाणी निम्मं व्हायचं, तरी बेल वाजायची नाही. जिना काही डोंगर नव्हता. एकदा ती दार हळूच उघडून दबक्या पावलांनी दोन वळणं खाली उतरली. तो पायरीवर बसला होता. पिशवी मांडीवर, नजर आपल्याच तळहातांवर, ओठ हलताहेत. ती आल्या पावली वर आली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं बेल वाजली. “आज ट्रॅफिक फार होतं,” तो म्हणाला.

ट्रॅफिक जिन्यात कुठून आलं?

मग काय, मनात पाल चुकचुकली की ती एकटी थोडीच चुकचुकते. याची नोकरी गेली असेल. दुसरी कोणी असेल. किंवा, आणि हे सगळ्यांत वाईट, याला घरीच यावंसं वाटत नसेल. विचारायची सोय नव्हती. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण काय? दूध उतू गेलं का, ताप उतरला का, लंगोट संपले का. दोन पाळ्यांतले पहारेकरी बोलतात तसं.

पूर्वी ही दोघं अशी नव्हती. लग्नाआधी बसमध्ये शेजारी बसून अनोळखी असल्याचं नाटक करायची. कधी तो पळून आलेला जादूगार व्हायचा, कधी ती राजाच्या खजिन्याची चोर, आणि आसपासचे प्रवासी कान टवकारून ऐकायचे. लग्न झाल्यावर हे खेळ घरी आले आणि जास्त रंगले. घरात प्रवासी नसतात, हे एक कारण. बाकीची सांगायला नकोत.

तर तिनं ठरवलं की तो खेळ पुन्हा मांडायचा. एक अख्खी दुपार. आणि खरं सांगायचं तर त्या खेळात तिनं एक गळही लपवला होता.

“सुट्टीच्या दिवशी बोकोबाला तुझ्या ताई नेतील,” संध्याकाळी तो बाळाला भरवत असताना तिनं विषय काढला. “आपण किल्ला खेळू.”

त्याचा चमचा हवेतच थांबला. “किल्ला म्हणजे आपला तो किल्ला?”

“तो नाही, नवा. जगाच्या टोकाला एक किल्ला. मी किल्लेदारीण. बाहेर वादळ. दारात एक पाहुणा येतो, आसरा मागतो. पण बातमी अशी आहे, की ड्रॅगन माणसाचं रूप घेऊन किल्ल्यात शिरणार. हा पाहुणा माणूस की ड्रॅगन, हे किल्लेदारीणबाईंनी ओळखायचं. चौकशी करून.”

“आणि ड्रॅगन निघाला तर?”

“ते किल्लेदारीणबाई ठरवतील.”

कितीतरी दिवसांनी तो तिच्याकडे बघून तसा हसला, एका गालानं. “मग किल्लेदारीणबाईंनी दारं-खिडक्या नीट बघून ठेवाव्यात,” तो म्हणाला, आणि चमचा बोकोबाच्या नाकाला लावला. ती ‘नाक, अरे नाक’ म्हणालीच.

पुढचे काही दिवस तिच्या अंगात आलं होतं. दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत कपडे वाळत घालायच्या घोड्या उभ्या करून त्यांवर चादरी टाकायच्या, म्हणजे वाकून जायचं भुयार होईल. दिव्याला लाल कागद. पंख्याच्या जाळीला कागदाच्या पट्ट्या बांधल्या की वादळ घोंगावतं. टिनच्या डब्यात घातलेले वाटाणे हलवले की पाऊस. पण ती पडली दुर्बीण. तिचा किल्ला जगाच्या टोकाला असला तरी त्यात मेणबत्ती पेटवायची नव्हती, दाराला आतून कडी घालायची नव्हती, गळ्याभोवती काही बांधायचं नव्हतं, आणि भुयारात पाय अडकेल म्हणून गालिचा गुंडाळून ठेवायचा होता. दोघांचे फोन कपाटावर, म्हणजे मध्येच किणकिण नको. ताईंचा आला तर तेवढा वाजेल.

“आणि कोणालाही नको वाटलं तर ‘पुरे’ म्हणायचं,” तिनं बजावलं. “लगेच थांबायचं. तोंडानं बोलता येत नसेल तर तीनदा टकटक.”

“माझं तोंड कशानं बंद होणार आहे?”

“सांगून ठेवलेलं बरं.”

“ही चौकशी आहे की विमानातल्या सूचना?” तो म्हणाला. पण टकटक करून दाखवली.

सुट्टीच्या दिवशी नणंद आली, बोकोबाला काखोटीला मारलं, त्याची पिशवी खांद्याला लावली आणि लाल कागद लावलेल्या दिव्याकडे, मग चादरींच्या भुयाराकडे पाहिलं.

“घर साफ करताय वाटतं,” ती म्हणाली.

“हो ना, ताई. पसारा फार झालाय.”

“करा, करा. नीट कोपरे न् कोपरे काढा.” चेहरा मख्ख ठेवून ती जिना उतरली. खालपर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं.

नवरा बाहेर गेला होता. पाहुण्यानं बाहेरूनच यायचं, असं ठरलेलं. तिनं जुना मखमली पडदा खांद्यावर पांघरला, पंखा लावला, आणि वाटाण्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली. पायरीवर का बसतोस, हे आज विचारायचंच. किल्लेदारीण बनून विचारलं तर उत्तर खोटं असलं तरी खेळातलं म्हणून गिळता येईल.

दारावर थाप पडली.

“कोण आहे?” तिनं आवाज जाड केला.

“वाट चुकलेला व्यापारी, बाईसाहेब. वादळात घोडा गेला. रात्रभर आसरा द्या.”

बाहेर टळटळीत दुपार होती. पण तिनं डबा हलवला, दार उघडलं, आणि पाहुणा आत आला. अंगात तिच्या वडिलांचा जुना लांब कोट, कॉलर वर केलेली, तोंडावर रुमाल. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून गेला. चादरींखालून वाकून चालताना तिच्या मागे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तिला खरंच क्षणभर वाटलं, हा कोण आहे?

“तोंड का झाकलंयस?” भुयाराच्या दुसऱ्या टोकाला वळून तिनं विचारलं.

“थंडीनं.”

“काढ रुमाल.”

त्यानं सावकाश रुमाल काढला आणि ओठ मागे घेतले.

लाल उजेडात दोन लांबलचक सुळे. नाटकाच्या दुकानातले खोटे नव्हेत. हे हिरडीपासून उगवल्यासारखे, टोकाशी किंचित पिवळट, ओठाच्या कडेला बरोबर बसलेले. ती अक्षरशः मागे सरकली आणि मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हा माणूस जेवणाची सुट्टी मोडून हे करत बसला होता तर. ड्रॅगननं तिला खांद्याला धरलं, मानेवर सुळ्यांची टोकं अलगद टेकवली, आणि पंख्याचं वादळ आपल्या परीनं घोंगावत राहिलं. हा भाग बराच चांगला चालला होता.

मग तो थांबला. मागे झाला. बोट तोंडात घालून काहीतरी खटपट केली. दुसऱ्या बाजूनं केली. डोळे मोठे झाले. मग त्यानं टेबलावर टकटकटक असं तीनदा वाजवलं.

तिनं तत्काळ पंखा बंद केला, मोठा दिवा लावला. “काय झालं? श्वास घेता येतोय? दुखतंय?”

श्वास येत होता. दुखत नव्हतं. फक्त सुळे निघत नव्हते. वरच्या सगळ्या दातांवर त्यांचं टोपण घट्ट बसलं होतं, आणि बोलायला गेलं की नुसतं ‘ह्ह’ आणि ‘फ्फ’ असं काहीतरी बाहेर पडत होतं. आयुष्यभर लोकांना कवळ्या बसवणाऱ्या माणसाची स्वतःची कवळी बसली होती, ती अशी. त्यानं कपाटावरच्या फोनकडे हात केला, टाइप करून सांगतो म्हणून.

तिला काय सुचलं कोण जाणे. तिनं पडदा पुन्हा खांद्यावर ओढला. “किल्ल्यात फोन नसतात,” ती म्हणाली. “एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कबूल असेल तरच. नाहीतर आत्ता देते फोन.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि टेबलावर एकदा बोटानं ठोकलं.

“तू माणूस आहेस?”

दोन.

“माणसं खातोस?”

थोडा विचार करून, एक.

“किल्लेदारीण पसंत आहे?”

एक, लगेच.

तिला हसू आवरेना. पुढचा प्रश्न त्या हसण्याच्या भरातच बाहेर पडला, नाहीतर पडलाच नसता. “किल्ल्यात यायच्या आधी खाली पायरीवर बसून राहतोस?”

बोट वरच राहिलं. कितीतरी वेळ. मग टेबलावर आलं. एक.

“दुसऱ्या कुठल्या राणीसाठी?”

दोन, आणि इतक्या जोरात की टेबलावरची बशी हलली.

“काम गेलं?” दोन. “बाळ नकोसं झालंय?” दोन. हे दोन त्यानं सावकाश वाजवले, तिच्या डोळ्यांत बघत.

आता एकच प्रश्न उरला होता. “मग माझ्यामुळे?”

त्यानं मान खाली घातली. नखानं टेबलाच्या कडेवर, ऐकू येईल न येईल असं, एकदा वाजवलं.

बोलून सांगता येत नव्हतं. मग त्यानं उठून खुर्चीवरची उशी घेतली आणि बाळासारखी हातांत धरली. एका हातानं मान सावरली, दुसऱ्यानं पाठ, अगदी बरोबर. झुलवली. मग त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे हात थरथरायला लागले. उशी घसरली. त्यानं ती खाली ठेवली, दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली, आणि त्या दुर्बिणीतून तिच्याकडे, मग उशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. सुळे अजून बाहेरच होते. इतका केविलवाणा ड्रॅगन जगात झाला नसेल.

ती हसली की रडली हे तिचं तिलाच कळलं नाही. पडद्याच्या टोकानं नाक पुसत ती म्हणाली, “तोंड उघड. आधी हे काढू.”

त्यानं हातवारे करून सांगितलं, दात साफ करायचा दोरा. न्हाणीघरातून तिनं आणला. टोपणाच्या मागच्या कडेखाली दोरा सरकवायचा, दोन्ही बाजूंनी, आणि थोडा इकडून, थोडा तिकडून ओढायचा. तो खुर्चीत डोकं मागे टाकून बसला आणि ती त्याच्या तोंडावर वाकली, लाल कागद काढलेला दिवा जवळ घेऊन. एवढं निरखून ती कोणाकडे बघत होती आणि तो आकसत नव्हता, असं फार दिवसांत झालं नव्हतं. “दुखलं की ठोक,” ती म्हणाली. त्यानं ठोकलं नाही. एकदा टक्क आवाज झाला आणि अख्खे सुळे तिच्या तळहातावर आले.

त्यानं जबडा इकडेतिकडे हलवून बघितला. “मेण भरायला विसरलो,” तो म्हणाला.

“काय?”

“दातांच्या मधल्या खाचा मेणानं बुजवायच्या असतात, साचा करताना. नाहीतर प्लास्टिक खाचेत जाऊन बसतं, मग निघत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात.” तो कान कोरत खाली बघत म्हणाला. “तुला आवडेल का, हाच विचार डोक्यात. विसरलो.”

“आणि पायरीवर बसून ओठ कशाला हलवतोस?”

त्यानं चमकून पाहिलं. “तू बघितलंस?”

“मी काय बघत नाही?”

“ते पण खरं.” त्यानं सुळे तिच्या हातून घेतले. “उजळणी करतो. मान धरायची. बाटली तिरकी. आधी डावी बाही. पाणी कोपरानं बघायचं, हातानं नाही. परीक्षेच्या हॉलबाहेर पोरं करतात तशी. वर आलो, तू बघितलंस, की सगळं साफ. मग तू म्हणतेस दे इकडे. एक दिवस मी दिलं नाही ना, तर कदाचित जमेल. पण मी देतो. मलाच भीती वाटते.”

“मला वाटलं...” ती म्हणाली.

“दुसरी राणी?”

“ड्रॅगनचा काय भरवसा.”

“या दातांनी कोण विचारतंय मला,” तो म्हणाला. मग दोघंही इतकी हसली की हसता हसता पुरेवाट झाली. नणंद यायला अजून अवकाश होता. किल्लेदारीणबाईंनी ड्रॅगनचं काय करायचं ते ठरवलं. भुयार त्या दुपारी पडलं ते पडलंच.

नणंद आली तेव्हा चादरींच्या घड्या अर्धवट झाल्या होत्या. बोकोबा डोक्यापासून पायापर्यंत वाळूनं आणि केळ्यानं बरबटलेला.

“आवरलं का?” तिनं विचारलं, आणि भावजयीच्या मानेकडे बघितलं. “हे काय चावलं गं?”

“डास असेल.”

“बराच दातवाला डास आहे.” तिनं पोर भावाच्या हातात दिलं. “घे रे, दात्या, आंघोळ लागणार आहे याला.”

सवयीनं आईचे हात पुढे झाले. मग तिनं ते मागे घेतले, पाठ फिरवली आणि झोपायच्या खोलीत जाऊन घड्या घालायला बसली, भिंतीकडे तोंड करून. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. त्यानं कोपरानं बघितलं असेल का? असेल. बोकोबा किंचाळला, पण ते रागाचं किंचाळणं नव्हतं. मग घोगऱ्या आवाजात कोणीतरी सांगू लागलं, की जगाच्या टोकाला एक ड्रॅगन होता आणि त्याला आंघोळ अजिबात आवडायची नाही. मग धाडकन काहीतरी पडलं.

ती उठून उभी राहिली. नणंदेनं दारातून नुसतं तिच्याकडे पाहिलं.

“पाण्याचा मग पडला,” आतून तो ओरडला. “नुसता मग.”

“बरं,” ती म्हणाली.

आयुष्यात एवढा जड शब्द तिनं उचलला नव्हता. ती परत बसली. चादरीची तीच घडी तिनं पुन्हा पुन्हा घातली आणि मोडली. बऱ्याच वेळानं टॉवेलात गुंडाळलेला, लालबुंद झालेला, कानामागे साबण राहिलेला बोकोबा दारात आला, आणि त्याला धरलेले हात स्थिर होते. कानामागच्या साबणाबद्दल ती बोलली नाही. म्हणजे लगेच नाही बोलली.

हे सगळं सांगून झाल्यावर किल्लेदारीणबाईंचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी नुकताच बाप झाला असेल, भाऊ, मित्र, शेजारचा, कामावरचा, तर बाळ बघायला सगळेच जातात, आईची चौकशीही करतात, आणि त्यानं ट्रेमध्ये आणलेला चहा पिऊन घरी येतात. तुम्ही जाल तेव्हा तो ट्रे त्याच्या हातून घ्या, त्याला शेजारी बसवा आणि विचारा, तुझं कसं चाललंय. तो मजेत म्हणेल. तरी लगेच उठू नका.